डिस्ने वर्ल्डला जाताय? मग गाडी भाड्याने घेण्याआधी हे वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या आपल्या पुरवणीत अमेरिकेच्या सहलीवर जो लेख आला होता त्यात असं म्हटलंय की तिकडे विमानतळावर उतरलात की पहिलं काम म्हणजे गाडी भाड्याने घ्या, गाडीशिवाय तिकडे पान हलत नाही. बाकीच्या बहुतेक अमेरिकेपुरतं हे खरं आहे, मी पण बघितलंय, दूध आणायला जायचं तरी गाडी काढावी लागते. पण हाच सल्ला फ्लोरिडात ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला जाणाऱ्या कुटुंबाला सरसकट दिला तर त्यांचे पैसे पण जातील आणि सुट्टी पण जाईल, म्हणून हे पत्र लिहितोय, जरा लांबलंय पण कृपा करून छापा. कारण आमच्या रत्नागिरी, चिपळूण, देवरुखकडची कितीतरी मुलं आता न्यू जर्सीला नाहीतर टेक्सासला आहेत, आईवडील उन्हाळ्यात तिकडे जाऊन राहतात, नातवंडांसाठी डिस्नेची सहल ठरतेच आणि ती ठरली की घरात पहिला वाद हाच, की गाडी घ्यायची का डिस्नेच्या फुकट बसवर भरवसा ठेवायचा. आमच्याकडे पण झाला. मुलगा म्हणत होता गाडी हाताशी असलेली बरी, सून म्हणत होती बस आहे ना. मी सगळी नोकरी एसटीत केली, वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे तिकडची बस कशी चालते हे मी त्याच नजरेने बघितलं आणि माझं मत सुनेच्या बाजूने पक्कं झालं.

आधी जागा समजून घ्या, नाहीतर बाकीचं कळणार नाही. डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक बाग आणि चार पाळणे असं काही नाही. १ ऑक्टोबर १९७१ ला ते चालू झालं आणि त्याचा पसारा साधारण १०० चौरस किलोमीटर आहे. त्यात चार वेगवेगळी मोठी पार्क (मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम), दोन वॉटर पार्क, डिस्ने स्प्रिंग्ज नावाचा बाजार आणि डिस्नेची स्वतःची पंचवीसच्या वर हॉटेलं. एका पार्कातून दुसऱ्यात चालत जाऊ म्हणाल तर बहुतेक ठिकाणी ते जमणारं नाही, मधे हमरस्ते आहेत, जंगल आहे, तळी आहेत. म्हणून त्यांनी पहिल्या दिवसापासून मोनोरेल ठेवली, बोटी ठेवल्या, बस वाढवत नेल्या आणि २०१९ च्या सप्टेंबरात स्कायलायनर म्हणजे रोपवेसारखे हवेतून जाणारे डबे पण चालू केले. ह्या सगळ्याला तिकीट नाही. कंडक्टर नाही, बस आली की चढायचं. साधारण वीस-वीस मिनिटांनी गाडी असते, सकाळी पार्क उघडायच्या आधी चालू होते आणि रात्री पार्क बंद झाल्यानंतर पण बराच वेळ चालते.

आता फुकट म्हणजे काय, तर ह्या बसचा खर्च हॉटेलच्या भाड्यात आलेला असतो हे उघड आहे. डिस्नेची हॉटेलं बाहेरच्यापेक्षा महाग. म्हणजे आत राहणाऱ्या माणसाने बसचे पैसे आधीच भरलेले आहेत, मग वर गाडीचं भाडं भरून ती बस रिकामी का सोडायची, हे मला पटत नाही.

आणि मॅजिक किंगडमची गोष्ट तर प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. बहुतेक लोकांना पहिलं तिथेच जायचं असतं, तो सिंड्रेलाचा किल्ला तिथेच आहे ना. पण तुम्ही गाडी घेऊन गेलात तर गाडी पार्काच्या दारात जातच नाही. पार्किंग तळ्याच्या ह्या बाजूला, दार पलीकडच्या बाजूला. गाडी लावायची, कुठल्या रांगेत लावली ते लक्षात ठेवायचं, तिथून त्यांच्या वाहतूक केंद्रापर्यंत जायचं, मग मोनोरेल धरायची नाहीतर फेरीबोटीत बसून तळं पार करायचं, तेव्हा कुठे दार येतं. रात्री आतषबाजी संपल्यावर हाच सगळा प्रकार उलटा, पेंगुळलेलं पोर खांद्यावर घेऊन. आणि डिस्नेच्या हॉटेलातून सुटलेली बस? ती तळ्याला वळसा घालून थेट दारासमोर सोडते. आमच्या जयगड-तवसाळच्या फेरीबोटीत गाडी चढते तरी, तिथे गाडी अलीकडेच ठेवावी लागते.

आता खर्चाचं बोलू. गाडीचा जो दर मोबाईलवर दिसतो तो खरा दर नव्हेच. मुलगा विमानतळावरच्या काउंटरवर चौकशीला गेला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. बाईंनी स्क्रीन आमच्याकडे फिरवली आणि एकेक ओळ वाढत गेली, गाडीला काही झालं तर त्याचा विमा, दुसऱ्याला लागलं तर त्याचा विमा वेगळा, लहान मुलाच्या सीटचं रोजचं भाडं, सून पण चालवणार असेल तर दुसऱ्या ड्रायव्हरचं वेगळं, टोलचं यंत्र वापरलं तर त्याचे दिवसाचे वेगळे, पेट्रोलची टाकी भरून परत आणायची नसेल तर ते पण आत्ताच भरा. ऑर्लँडोत विमानतळावरून निघणारे ५२८ आणि ४१७ नंबरचे रस्ते टोलचेच आहेत, त्यामुळे टोलचं काही आपल्याला लागणार नाही असं म्हणून चालत नाही. चालवणारा पंचवीस वर्षांच्या आतला असेल तर बहुतेक कंपन्या त्याचे पण जादा घेतात. आणि लहान मुलाची सीट ही काय हौस नाही, फ्लोरिडात पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला ती लावायचीच असा कायदा आहे. नातवाला मांडीवर घेऊन बसू हे तिकडे चालत नाही.

बाहेरच्या हॉटेलात राहून गाडी नेणाऱ्याला पार्कातल्या पार्किंगचे दिवसाला ३० डॉलर किंवा त्याच्याहून जास्त पडतात. एकदा भरले की त्या दिवशी चारही पार्कांत चालतात एवढंच. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना मात्र पार्कात पार्किंग फुकट आहे आणि हॉटेलात रात्री गाडी ठेवायचे जे पैसे २०१८ पासून घ्यायला लागले होते ते पण २०२३ च्या जानेवारीत बंद केले. म्हणून कुणी म्हणेल की बघा, आता तर गाडी घ्यायला काहीच हरकत नाही. हरकत पार्किंगची नाहीच हो, तुम्ही दिवसभर पार्कात फिरताय आणि गाडी उन्हात उभी आहे, तिचं भाडं मात्र चालू आहे. एसटीत गाडी डेपोत उभी राहिली की वरून विचारणा होते. घरच्या पैशाने उभी राहिलेल्या गाडीची विचारणा आपण आपल्याला करायला नको का?

पण पैशापेक्षा मला जास्त महत्त्वाची वाटते ती चालवणाऱ्या माणसाची गोष्ट, आणि तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. घरातला एक माणूस ड्रायव्हर झाला की त्याची सुट्टी संपली. सकाळी सगळ्यांच्या आधी तयार तो, नकाशा लावणार तो, पार्किंग शोधणार तो, दिवसभर त्या पार्कात उन्हातून दहा-दहा बारा-बारा किलोमीटर पायपीट होते ती झाल्यावर बाकीचे मागच्या सीटवर झोपणार आणि हा रात्री अकरा वाजता हायवेला डोळे ताणून बसणार. आम्ही चालकाला डबल ड्युटी देताना दहादा विचार करायचो कारण थकलेला माणूस स्टिअरिंगवर बसला की काय होतं ते आम्ही बघितलेलं आहे. मग स्वतःच्या मुलाला, जावयाला आपण रोज डबल ड्युटी कशी देतो? त्यात इकडून गेलेला माणूस असेल तर उजव्या बाजूने चालवायचं, स्टिअरिंग डावीकडे, लाल सिग्नलला थांबून उजवीकडे वळता येतं हे माहीत नसलं तर मागचे हॉर्न मारणार, पिवळी स्कूलबस थांबून तिचे लाल दिवे लागले तर थांबायचंच. आपलं लायसन्स इंग्रजीत असलं तर चालतं, तरी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून न्यावं, ते वर्षभर चालतं आणि बऱ्याच भाड्याच्या कंपन्या ते मागतात. पण कागद असले म्हणजे सवय झाली असं नाही.

बसमध्ये आमचा मुलगा आमच्याबरोबर बसला होता. नातू त्याच्या मांडीवर, दिवसभरातले फोटो दोघं बघत होते. मला तेच पाहिजे होतं.

आता एक दृश्य सांगतो जे मी विसरणार नाही. आमच्या सौ.चे गुडघे दुखतात म्हणून मुलाने बाहेरच्या दुकानातून व्हीलचेअर भाड्याने आणली होती (पार्कातच मिळते ती पार्काबाहेर नेता येत नाही, बसमध्ये तर नाहीच, हे पण माहीत असू द्या). रात्रीची वेळ, मॅजिक किंगडमच्या बाहेर प्रत्येक हॉटेलची वेगळी रांग, लोखंडी कठडे, वर पाटी, आमच्या रांगेत चिक्कार माणसं. बस लागली. ड्रायव्हरबाई होत्या, पन्नाशीच्या. त्यांनी रांगेला हात करून थांबवलं, एक बटण दाबलं आणि अख्खी बस फुस्स करून फुटपाथच्या बाजूला खाली झुकली, मग दारातून फळी बाहेर आली. सौ.ची खुर्ची त्यांनी आत घेतली, एका बाजूच्या सीट उचलून जागा केली, खाली वाकून खुर्चीच्या चार बाजूंना चार पट्टे अडकवले, प्रत्येक पट्टा हाताने ओढून बघितला, सौ.ना विचारलं ठीक आहे का, आणि मग बाकीच्या लोकांना आत सोडलं. पाच मिनिटं गेली असतील. रांगेतला एक माणूस कुरकुरला नाही. आमच्या लालपरीची पायरी किती उंच आहे ते सगळ्यांना माहीत आहे, गुडघ्यावर हात ठेवून दांडा धरून आज्या कशा चढतात ते मी स्टँडवर उभं राहून वर्षानुवर्षं बघितलंय, त्यामुळे ती बस झुकताना बघून मला भरून आलं. भाड्याच्या गाडीत हीच खुर्ची घडी घालून डिकीत टाकायची, परत काढायची, सौ.ना धरून उतरवायचं, हे दिवसात चार वेळा झालं असतं.

बसचं सगळं गोडच आहे असं मी म्हणणार नाही, खोटं लिहायला नको. रात्री आतषबाजी सुटल्यावर कुठल्याही हॉटेलच्या रांगेला गर्दी असते, एक-दोन बस सोडाव्या लागतात. बाबागाडी बसमध्ये घडी करावी लागते, म्हणजे झोपलेलं पोर उचला, पिशव्या काढा, घडी घाला. एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात जेवायला जायचं असेल तर सरळ बस नाही, मधे कुठल्यातरी पार्कात नाहीतर डिस्ने स्प्रिंग्जला उतरून दुसरी धरायची, त्यात दीड तास पण जाऊ शकतो. डिस्ने स्प्रिंग्जहून पार्कात जायला सरळ बस ठेवलेलीच नाही. स्कायलायनर वीज कडकडायला लागली की बंद, आणि फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी वीज-पाऊस हा जवळजवळ ठरलेला. ह्याला उपाय म्हणजे थोडं आधी निघा नाहीतर आतल्या दुकानांतून निवांत फिरून गर्दी ओसरल्यावर निघा. दुपारी हॉटेलवर येऊन नातवाला झोपवून संध्याकाळी परत जा, बसमुळे हे सहज जमतं, परत पार्किंग शोधायला नको.

विमानतळाचं मात्र वेगळं धरा. २००५ पासून डिस्नेची फुकट बस विमानतळावर न्यायला यायची, सामानसुद्धा परस्पर खोलीत पोचवायचे, ती त्यांनी २०२२ च्या सुरुवातीला बंद केली. जुन्या माहितीवर विसंबून कुणी तिकडे बस शोधत बसू नका. आता पैसे देऊन बस मिळते किंवा टॅक्सी. चार-पाच माणसं असाल तर डोईप्रमाणे बसचे आणि अख्ख्या टॅक्सीचे किती होतात ते दोन्ही बघून ठरवा, जाताना-येताना दोन वेळा टॅक्सी केली तरी आठवडाभराच्या गाडीच्या भाड्यापेक्षा साधारण कमीच पडते.

गाडी कधी घ्यावी हे पण सांगतो. डिस्नेच्या बाहेर, शेजारच्या किसिमी गावाकडे घर भाड्याने घेऊन दोन कुटुंबं मिळून राहणार असाल, स्वयंपाक घरीच करणार असाल, तर गाडीच घ्या, तिथे डिस्नेची बस येत नाही. बाहेरच्या काही हॉटेलांची ‘फ्री शटल’ असते, त्या दोन शब्दांवर जाऊ नका, ती दिवसात ठरावीक फेऱ्याच करते, कधीकधी आदल्या दिवशी नाव नोंदवावं लागतं आणि बऱ्याचदा मॅजिक किंगडमच्या दारात न सोडता तळ्याच्या अलीकडेच सोडते. सकाळी एक फेरी आणि रात्री एक फेरी असेल तर मधे पोराला ताप आला की अडकलात. डिस्नेच्या बसला आणि ह्या शटलला, दोन्हीला फुकटच म्हणतात, पण बुकिंग करायच्या आधी फोन करून फेऱ्या किती आणि कुठे सोडणार हे विचाराच. युनिव्हर्सलला (ऑर्लँडोतलीच, पण दुसऱ्या कंपनीची पार्क) जायचं असेल, २०२५ च्या मे महिन्यात त्यांचं एपिक युनिव्हर्स हे नवीन पार्क चालू झाल्यापासून मुलं त्याचा हट्ट धरतातच, तर तिकडे डिस्नेची बस जात नाही, टॅक्सी करा. आणि अंतराळात रॉकेट सोडतात ते केनेडी स्पेस सेंटर बघायचं असेल, जे मी म्हणेन नातवंडांना दाखवाच, तर ते पूर्वेला तासाभराच्या रस्त्यावर समुद्राकडे आहे, तिथे गाडी पाहिजे. आम्ही तेवढ्या एका दिवसापुरती घेतली. डिस्नेच्या आवारातच गाडी भाड्याने मिळायची सोय आहे, सकाळी घेतली, संध्याकाळी देऊन टाकली. मुलगा ताजा होता, रस्ता सरळ, गप्पा मारत गेलो. एका दिवसाची गाडी ही मजा आहे, आठवडाभराची गाडी हे ओझं.

आता ह्याचा आपल्याशी काय संबंध असं आपले वाचक विचारतील, तर माझं म्हणणं आहे की खूप आहे. डिसेंबरच्या सुट्टीत नाहीतर मे महिन्यात मालवणला जाऊन बघा. किल्ल्याला जाणारी धक्क्याकडची वाट, बाजारपेठ, तारकर्लीचा अरुंद रस्ता, सगळीकडे पुण्या-मुंबईच्या गाड्या एकमेकींच्या नाकाला नाक लावून उभ्या. गणपतीपुळ्याला पण तेच, आरे-वारेच्या वळणावर फोटोसाठी थांबलेल्या गाड्यांमुळे आमची एसटी अडकते. ह्या लोकांना तरी गाडी आणायची हौस आहे का? रेल्वेने येतील हो, कोकण रेल्वे आहे, पण कुडाळला उतरल्यावर पुढे मालवण पंचवीस-तीस किलोमीटर, मालवणहून तारकर्ली पुढे, रत्नागिरीत स्टेशन गावाबाहेर, चिपीला २०२१ ला विमानतळ झाला पण तिथून पुढे काय. हा शेवटचा टप्पा सुटत नाही म्हणून माणूस मुंबईपासून अख्खा हायवे स्वतः गाडी चालवत येतो, वैतागून पोचतो, परत जाताना पुन्हा तेच. त्याच्या घरात पण एक माणूस डबल ड्युटीवर असतो.

डिस्नेकडे पैसा आहे, आपल्याकडे नाही, हे मला मान्य. पण पद्धत तर घेता येते. हॉटेलवाले, होमस्टेवाले आणि एसटी एकत्र बसून खोलीमागे थोडे थोडे रुपये काढले तर सीझनपुरत्या मिडीबस उभ्या राहू शकतात. गाडीने येणाऱ्यांच्या गाड्या गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात लावा आणि आत बसने फिरवा. ७५ वर्षांच्या वरच्यांना एसटी २०२२ पासून फुकट आहे, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं आणि गाड्या कशा भरभरून जायला लागल्या ते मी स्टँडवर बघितलंय, म्हणजे परवडणारी आणि वेळेवर येणारी बस दिली तर आपली माणसं बसमध्ये बसतात. रिक्षावाल्यांच्या पोटावर पाय येईल अशी भीती कुणी घालेल, ती खोटी नाही, त्यांना बरोबर घ्यायलाच पाहिजे. बस मुख्य रस्त्याने जाईल, आतल्या वाडीत, होमस्टेच्या दारापर्यंत रिक्षाच जाणार, आणि गाडीशिवाय आलेला पाहुणा रिक्षा जास्त करतो, गाडीवाला करतच नाही.

माझी एसटी महामंडळाच्या सिंधुदुर्ग विभागाला आणि मालवणच्या पर्यटन व्यावसायिकांना विनंती आहे की येत्या डिसेंबरात कुडाळ स्टेशन, मालवण स्टँड, धक्का, तारकर्ली, देवबाग आणि परत अशी एक फेरी अर्ध्या-अर्ध्या तासाने रेल्वेच्या वेळा धरून पंधरा दिवस चालवून बघावी, आणि निदान एक गाडी तरी कमी पायरीची द्यावी. फेऱ्यांचं वेळापत्रक बसवायचं काम माझ्या हातातलं आहे, बोलावलंत तर मी स्वखर्चाने येऊन करून देईन.

आपला,
एसटीचा एक निवृत्त वाहतूक नियंत्रक
रत्नागिरी